सौर कृषिपंप: बचत नेमकी कुणाची, किती?

तुमच्या विहिरीवर वा बोअरवर वीजजोडणी नसेल आणि पाणी डिझेल इंजिनावर देत असाल, तर ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेचा खरा फायदा तुम्हाला आहे. पंपाच्या किमतीच्या १० टक्के रक्कम शेतकऱ्याने भरायची. अनुसूचित जाती-जमातीसाठी हा हिस्सा ५ टक्के. बाकी अनुदान. अडीच एकरापर्यंत ३, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळतो.

हिशेब करून पाहा. पाच अश्वशक्तीचे इंजिन तासाला साधारण एक लिटर डिझेल पिते. रब्बीत रोज पाच तास, असे ६० दिवस चालवले तर ३०० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तरी २७,००० रुपये झाले. ऑइल आणि दुरुस्ती वेगळी.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या वीजपंपाचे बिल एप्रिल २०२४ पासून राज्य सरकार भरते. त्यामुळे अशा शेतकऱ्याची पैशांत बचत फारशी नाही. त्याला हवे आहे दिवसाचे पाणी, म्हणजे रात्री साप-बिबट्याच्या भीतीत बारे द्यायला जायला नको. त्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत कृषी फीडरच सौरऊर्जेवर आणले जात आहेत.

सौरपंपाचा जोर सकाळ-संध्याकाळ कमी असतो. म्हणून ठिबकचे मोठे सेट १० ते ३ या वेळेत लावा. पॅनेलवरील धूळ पहाटे, काच थंड असताना साध्या पाण्याने धुवा. पहिली पाच वर्षे दुरुस्तीची हमी असते. बिघाड झाल्यास कंट्रोलर स्वतः उघडू नका, पुरवठादाराकडे तक्रार नोंदवा.