चीर पडण्याआधी

मी भूलतज्ज्ञ. त्यामुळे सेफॅझोलिन या अँटिबायोटिकची कुपी रोज माझ्याच हाती असते. पांढऱ्या पुडीत इंजेक्शनचं पाणी सोडायचं, ती पुरती विरघळेपर्यंत कुपी हलवायची आणि औषध सावकाश शिरेतून द्यायचं. सर्जनने सुरी हातात घेण्याआधी हे झालंच पाहिजे. गुडघ्याचं ऑपरेशन असेल तर टुर्निकेटचा पट्टा आवळण्याच्याही आधी. पट्टा फुगल्यावर पायात रक्तच जात नाही, तर औषध कुठून जाणार?

एवढी साधी गोष्ट कळायला फार वर्षं गेली. १९५० च्या दशकात अँटिबायोटिकं हाताशी होती, पण बहुतेकदा ती ऑपरेशन उरकल्यावर सुरू होत आणि दिवसेंदिवस चालत. जखमा तरीही चिघळत. या औषधांचा इथे उपयोगच नाही, असं अनेक सर्जनांचं मत झालं.

बॉस्टनचे सर्जन जॉन बर्क यांनी बोट ठेवलं ते वेळेवर. त्यांचा प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी गिनीपिगच्या कातडीत स्टॅफिलोकॉकस जंतू टोचले, अँटिबायोटिक काहींना आधी दिलं, काहींना तासातासाने उशिरा, आणि दुसऱ्या दिवशी कातडीवरची सूज मोजली. औषध जिथे जंतूंच्या आधी पोचलं होतं, तिथे सूज मेलेले जंतू टोचल्यावर येते तेवढीच. तीन तास उलटल्यावर दिलेलं औषध मात्र न दिल्यासारखंच. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. मोजपट्टीने त्याने वाद मिटवला.

माणसांतला ठळक पुरावा १९९२ साली सॉल्ट लेक सिटीहून आला. २,८४७ रुग्णांपैकी ज्यांना चीर देण्याआधीच्या दोन तासांत डोस मिळाला, त्यांच्यात जखमेचा संसर्ग ०.६ टक्के होता. चिरेनंतर तीन तास उलटून मिळालेल्यांत ३.३. फार लवकर, म्हणजे दोन तासांहून आधी मिळालेल्यांत तर ३.८!

आपल्याकडे ‘टाके निघेपर्यंत इंजेक्शनं’ ही सवय मात्र अजून सुटत नाही. ऑपरेशन संपल्यावर प्रतिबंधक डोस लांबवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली स्पष्ट सांगितलं. तरी नातेवाईक काळजीने विचारतात, “मॅडम, एकच इंजेक्शन?” मी सांगते, हर्नियासारख्या ऑपरेशनला वेळेवर दिलेलं एक पुरतं, लांबलं तर चार तासांनी थिएटरमध्येच दुसरं देते. पुढच्या पाच दिवसांच्या इंजेक्शनांनी जखम लवकर भरत नाही. जुलाब होतात, आणि जंतू निर्ढावतात.