घराचे मोल व घरपट्टी : अकोले परिसराच्या निमित्ताने एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रवरेच्या काठी वसलेल्या अकोले गावी गावठाणातील जागेस आज जे मोल आले आहे, त्याची कल्पनाही आपल्या वाडवडिलांनी केली नसेल. कोल्हार-घोटी रस्ता गावावरून जातो, भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या प्रवाशांची वर्दळ असते, आणि तालुक्याचे ठिकाण म्हणून दुकाने व कचेऱ्या येथे दाटल्या आहेत. ज्यास घर विकावयाचे आहे त्यास ही वार्ता गोडच होय. परंतु ज्यास त्याच घरात देह ठेवावयाचा आहे, त्याच्या हाती या वाढीपोटी प्रथम पडते ते घरपट्टीचे बिल. मोल कागदावर वाढते, कर मात्र रोकडीने द्यावा लागतो. हा विसंवाद आजचा नाही.

घरावर कर घेण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. पेशवाईत कसब्यांतून घरपट्टी घेतली जाई, आणि दुकानदार व कारागीर यांजकडून मोहतर्फा वसूल होई. इंग्रजी अमलात वाराणसी येथे १८१० साली घराच्या भाड्यावर कर बसविण्यात आला, तेव्हा साऱ्या नगराने व्यवहार बंद ठेवले आणि अखेर सरकारास तो कर मागे घ्यावा लागला. पुढे १८५० च्या कायद्यान्वये गावोगाव नगरपालिका निघू लागल्या. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, नगर येथे, ती १८५४ साली स्थापन झाली. तथापि मुंबई इलाख्यातील अनेक गावांनी घरपट्टीपेक्षा जकातच अधिक पसंत केली. कारण उघड आहे. जकात मालाच्या किमतीत मुरते, ती कोणास टोचत नाही. घरपट्टी मात्र दारात येऊन उभी राहते. महाराष्ट्रातील नगरपालिकांची जकात १९९९ साली बंद झाली, तेव्हा ही जुनी पळवाटही संपली.

यानंतरचा खरा प्रश्न असा, की घर मोजावे कशाने? मुंबई शहरात १८८८ च्या कायद्याने भाड्याचे माप धरले. परंतु १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी गोठली, आणि घरपट्टी प्रमाणभाड्याच्या वर जाऊ शकत नाही असा न्यायालयांचा कौल पडल्याने जुन्या चाळींवरील करही जागच्या जागी राहिला. बाजारात त्याच जागेचे मोल शतपटीने वाढले, तरी त्याचा कराशी संबंध उरला नाही. अखेर १ एप्रिल २०१० पासून तेथे भांडवली मूल्याचे माप आले. त्यातही इमारतीची पुढे किती वाढ होऊ शकेल हे धरून कर लावू नये, घर आज जसे आहे तसेच मोजावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. प्रस्तुत लेखकास हा निर्णय घरमालकाच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांताने याच प्रश्नावर दुसरे टोक गाठले. तेथे १९७८ साली लोकांनी मतदानाने ठरविले, की घरपट्टी मूल्याच्या शेकडा १ हून अधिक नसावी आणि घर विकले जाईपर्यंत करासाठी धरलेले मूल्य दरसाल शेकडा २ हून अधिक वाढू नये. म्हातारे घरमालक वाचले खरे. पण शेजारी-शेजारी असलेल्या दोन सारख्या घरांवर अगदी निराळा कर बसू लागला, आणि शाळांच्या उत्पन्नास कात्री लागली.

आता आपल्या तालुक्याकडे वळू. ग्रामपंचायतींच्या हद्दीत १९९९ पासून क्षेत्रफळावर कर घेतला जाई. त्या पद्धतीस उच्च न्यायालयात आव्हान मिळाले, आणि ३१ डिसेंबर २०१५ रोजी शासनाने नियम बदलून भांडवली मूल्य हेच माप ठरविले. जमिनीचे मूल्य शासनाच्या वार्षिक दरतक्त्यावरून (ज्यास लोक रेडी रेकनर म्हणतात) घ्यावयाचे, त्यात बांधकामाचे मूल्य घसारा वजा करून मिळवावयाचे, वापर पाहून त्यास भारांक लावावयाचा, आणि मग हजारी दराने कर काढावयाचा. खुद्द अकोले गावी मात्र आता नगरपंचायत आहे. तिला १९६५ चा कायदा लागू असून त्यात मूळ माप वार्षिक भाड्याचे आहे. दुरुस्तीपोटी त्यातून शेकडा १० वजा होतात.

खेड्यातील एका घराचा हिशेब करून पाहू. समजा, जागेचे मूल्य २ लाख व बांधकामाचे ३ लाख आहे आणि दर हजारी १ रुपया आहे. कर ५०० रुपये झाला. चार वर्षांनी फेरआकारणी झाली, तेव्हा दरतक्त्यात जागा तिपटीने चढली होती. मूल्य ९ लाख व कर ९०० रुपये. घराची एक वीटही हललेली नाही. येथे लक्षात घेण्याजोगे हे, की घसारा केवळ भिंतींना मिळतो, जमिनीस नाही. सबब मोठे अंगण असलेल्या जुन्या कौलारू घरावर भार पडतो तो मुख्यतः जागेचा; आणि अशा घरात बहुधा वृद्ध माणसेच राहतात, मुले पुण्यास वा नाशकास असतात.

तालुक्याच्या पश्चिम भागाचा प्रकार आणखी निराळा. तेथे महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीस परवानगीवाचून विकता येत नाही, असा निर्बंध १९७४ पासून आहे आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या जागेस गिऱ्हाईकच मोजके, तिचे मूल्य पर्यटनस्थळाच्या भावाने धरले गेल्यास ते मोल त्या कुटुंबाच्या हाती कधीच यावयाचे नाही.

दोन्ही कायद्यांत आकारणीची यादी प्रसिद्ध करून हरकती मागविण्याची तरतूद आहे, आणि ही फेरआकारणी चार वर्षांनी व्हावयाची असते. त्या मुदतीत ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा नगरपंचायतीची यादी स्वतः जाऊन पाहावी. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार व बांधल्याचे वर्ष या तीन रकान्यांवरच बहुतेक हिशेब उभा असतो. दगडमातीचे घर सिमेंटचे म्हणून चढले असेल, अथवा वर्षाचा रकाना कोरा राहून घसारा बुडाला असेल, तर मुदत टळण्यापूर्वी लेखी हरकत देऊन तिची पोच घ्यावी.