आजीचा पगार

आपल्या घरांत आजीची आठवण निघाली की बोलणं आधी स्वयंपाकघरात शिरतं. नव्याच्या सणाचा चिकाचा हलवा, बिरड्याच्या रोजाचं बिरडं, मलिद्याचे पोहे. टोरांटोतली आपली मंडळी हेच सांगतात, इस्राएलमधलीही हेच. यात खोटं काहीच नाही. पण त्यातल्या कितीतरी आज्यांनी पंचवीस-तीस वर्षं नोकरी केलेली असते, आणि ते कुणी सांगत नाही. नातवंडांना तर ते ठाऊकच नसतं.

माझी आजी नर्स होती. १९७६ साली ती सत्तावन्नाव्या वर्षी बाबांकडे टोरांटोला आली. फॉर्म बाबांनीच भरला होता, आणि व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ असं लिहिलं होतं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आई आता निवृत्त आहे, घरीच राहणार, एवढाच हिशेब. पण बाबांचं शिक्षण ज्या पगारावर झालं तो पगार आजीचा होता. आजोबा १९५१ मध्ये गेले, तेव्हा बाबा सात वर्षांचे होते.

ती नर्स झाली हा नुसता तिच्या जिद्दीचा भाग नव्हता. ती शिकली माझगावच्या सर एली कदूरी शाळेत. हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली आपल्या समाजाची शाळा ती हीच. आजीच्या वेळी तिथे मुख्याध्यापिका होत्या रिबेका रूबेन. १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आलेल्या या बाईंनी १९२२ पासून १९५० पर्यंत ही शाळा चालवली. आजी त्यांना ‘मोठ्या बाई’ म्हणायची, आणि त्यांचं नाव काढताना साठी उलटल्यावरही पदर सारखा करायची.

शाळेनंतर कामा हॉस्पिटल. १८८६ मध्ये उघडलेलं हे रुग्णालय बायकामुलांसाठी, आणि चालवायच्याही बायकाच. १९२८ ते १९४७ या काळात तिथल्या प्रमुख होत्या डॉ. जेरुशा झिराड, आपल्याच समाजातल्या. त्यांच्या मोठ्या बहिणीचा जीव याच रुग्णालयात डॉ. ॲनेट बेन्सन यांनी वाचवला, आणि लहानग्या जेरुशाने तेव्हाच डॉक्टर व्हायचं ठरवलं. १९१२ मध्ये त्या लंडनला गेल्या आणि १९१९ मध्ये तिथली एम.डी. घेतली. मुंबईत बाळंतपणात बायका का दगावतात याचा त्यांनी केलेला अभ्यास १९४१ मध्ये छापला गेला. पुढे, १९६६ मध्ये, त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे माझ्या आजीच्या आयुष्यात शाळेची मोठी खुर्ची आणि रुग्णालयाची मोठी खुर्ची, दोन्हींवर आपल्याच बायका बसलेल्या होत्या. मुलगी एवढं रोज बघत असेल तर ‘तू कमव’ असं तिला वेगळं सांगावं लागत नाही.

त्या काळी इतर अनेक घरांत परक्या माणसाची अंगसेवा करणं, मलमूत्र उचलणं हा विटाळ मानला जाई. त्यामुळे नर्सिंगला ख्रिस्ती मुली पुष्कळ आल्या, आणि आपल्याही. आपले पुरुष पलटणीत, रेल्वेत, कचेऱ्यांत होते, तेव्हा घरात महिन्याचा पगार येणं ही रोजची गोष्ट होती. तो बाईच्या हातूनही येऊ शकतो, हे पचायला फार जड गेलं नाही. (सगळ्यांनाच सोपं गेलं असं नाही. पणजोबा आठ दिवस जेवताना गप्प होते म्हणतात.)

हलव्याचं सांगते, कारण तोही याच गोष्टीचा भाग आहे. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, पिळून चीक काढायचा. तो नारळाच्या दुधात साखरेबरोबर ढवळत राहायचा, हात थांबला की तळाला लागलाच. आजी हे सगळं रात्रपाळी करून घरी आल्यावर करायची. टोरांटोत आल्यावर तिने पहिल्याच वर्षी गहू सोडले आणि चायना ग्रास धरलं. जेरार्ड स्ट्रीटला १९७२ मध्ये नाझ थिएटर सुरू झालं, आणि त्याच्या आजूबाजूला आपल्याकडच्या मालाची दुकानं आली होती. पोहे, चायना ग्रास, वाल तिथे मिळायचे. आत्या म्हणाली, खरा हलवा राहिला नाही. आजी म्हणाली, ‘मग तू वाट गहू.’

इथे तिला सलत होतं ते वेगळंच. कॅनडाच्या वृद्धापकाळच्या पेन्शनला वय पासष्ट लागतं आणि देशात किमान दहा वर्षांचा रहिवास लागतो. म्हणजे १९८६ पर्यंत तिला काहीच मिळणार नव्हतं, आणि मुलाकडे हात पसरणं तिला जमणारं नव्हतं. तिने दोन घरांतली मुलं सांभाळली, एका लाँड्रीवाल्यासाठी पँटच्या पट्ट्या दुमडून दिल्या. पैसे बिस्किटांच्या डब्यात, आणि झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर मोडीसारख्या बारीक मराठी अक्षरात हिशेब. तो कागद माझ्याकडे आहे. तिचं नर्सिंगचं सर्टिफिकेट मात्र घर बदलताना गेलं. म्हणून विनंती करते: तुमच्या घरी अशी कुणी अजून असेल तर पाककृती जरूर लिहून घ्या, पण त्याच वहीत तिची शाळा, कामाची जागा, पहिला पगार आणि त्यातून तिने काय घेतलं हेही विचारून ठेवा. जन्मतारीख चुकली तर कागदावर सापडते. पहिला पगार फक्त तिलाच माहीत असतो.

माझ्या आजीचा पहिला पगार मी विचारला नाही. पहिली पेन्शन मात्र मी पाहिली आहे. १९८६ मध्ये चेक आला, तो तिने स्वतः बँकेत जाऊन भरला, आणि संध्याकाळी टेबलावर बाबांपुढे महिन्याच्या किराण्याचे पैसे मोजून ठेवले. बाबांनी ते मुकाट्याने उचलून खिशात घातले.