देवळाशेजारचा चर

* गटाराचा चर : अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळीच्या जुन्या देवीमंदिरातल्या शिलालेखात शके १०९८, म्हणजे इ.स. ११७६-७७, हा काळ कोरलेला आहे. अशा संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीची अट, असा प्राचीन स्मारकांच्या १९५८च्या कायद्यातल्या २०१०च्या दुरुस्तीचा दंडक. त्याच दुरुस्तीने गटारे आणि सार्वजनिक पाणीपुरवठ्याची कामे मात्र 'बांधकामा'च्या व्याख्येतून वगळली.

ही पळवाट फार महागात पडते.

वऱ्हाडातली जुनी गावे पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीवर, वसलेली. पडलेल्या मातीच्या भिंती, चुलीची राख, खापरे, पुन्हा भिंती, असे शतकांचे थर तिथे एकावर एक बसलेले असतात. जेसीबीचा एक फटकारा ते सगळे उलथून टाकतो. इंग्लंडमध्ये मध्ययुगीन चर्चलगत गटार खणताना पुरातत्त्वज्ञ चराच्या काठावर उभा असतो. यंत्राला बिनदाती बकेट लावतात, माती पातळ थरांनी काढतात, चराच्या कडेचे रेखाटन होते आणि हाड वा पाया दिसताच काम थांबते. आपल्याकडे १८७८चा निखात निधी कायदा दहा रुपयांवरचे सापडलेले धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला लावतो. राखेच्या थराची वर्दी कुणी कुणाला द्यायची, हे त्यात नाही.