गावाचा शब्द आणि मीटर

विजेचा इतिहास लिहिणारे धरणांचा लिहितात, नाहीतर तारांचा. १९६० साली राज्य वीज मंडळ झालं, १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली, हे पुष्कळांना ठाऊक आहे. मला लिहायचंय ते मीटरबद्दल. आता घरोघर स्मार्ट मीटर लागतायत आणि त्यावरून भांडणं होतायत. ती भांडणं समजायची तर शेतातलं मीटर कुठं गेलं, हे आधी सांगायला पाहिजे.

सुरुवातीला विहिरीवरच्या मोटारीलाही मीटर असायचं. लाकडी फळीवर काळा डबा, आत हळूहळू फिरणारी चकती. वाचायला येणारा माणूस सायकल बांधावर टाकून चिखल तुडवत यायचा. पुढं मोटारीच्या हॉर्सपॉवरवर ठोक आकारणी आली. पाचाची मोटार म्हणजे इतके पैसे, मग ती चालो नाहीतर बंद राहो. शेतकऱ्याला ते सोपं वाटलं. मंडळालाही बरं, रानोरान फिरून आकडे टिपायचं काम वाचलं.

पण हिशोब तिथंच अंधारात गेला. मोजलंच नाही, तर शेतीनं वीज किती खाल्ली हे कागदावर काढायचं: हॉर्सपॉवर गुणिले तास. तारांत गळालेली आणि आकडे टाकून चोरलेली वीजसुद्धा त्याच खात्यात ढकलता येते. शहरातला माणूस म्हणतो, शेतकरी फुकट वीज खातो. शेतकरी म्हणतो, लाईट चार तास नव्हती, बिल मात्र अख्ख्या मोटारीचं. दोघांकडंही दाखवायला आकडा नाही.

२००५ साली मंडळाची विभागणी होऊन महावितरण कंपनी झाली, ते दिवस भारनियमनाचे. गावात उजेड राहावा पण मोटारी चालू नयेत, म्हणून सिंगल फेजवर लाईट सोडायचे. आपल्या लोकांनी कंडेन्सर लावून त्याच्यावरही मोटारी पळवल्या. कोणाची मोटार जळायची, कधी सगळ्यांची डीपी.

त्याच सुमारास अक्षय प्रकाश नावाची योजना आली. तिच्याबद्दल आता फारसं कोणी बोलत नाही, पण मला ती फार मोलाची वाटते. संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेत कोणी मोटार चालवायची नाही, आकडे काढून टाकायचे, शेगडी-हीटर लावायचा नाही, असा गावानं शब्द द्यायचा. बदल्यात तेवढा वेळ गावात लाईट जाणार नाही. आमच्याकडं बल्ब पिवळा पडला की चार पोरं बॅटरी घेऊन रानात निघायची आणि कोणाची मोटार चालू आहे ते हुडकून काढायची. एकदा सरपंचाच्या चुलत्याचीच सापडली. म्हातारा चिडला, पण खटका पाडला. आता मोठ्या सभांतून मागणीचं व्यवस्थापन म्हणून जे सांगतात, ते इथं कुठल्याही यंत्राशिवाय चाललं होतं. कायमचं टिकलं नाही हे खरं. ऊस वाळायला लागला की शब्द जड होतो.

मग गावठाणाचा फीडर वेगळा केला. गाव आणि शिवार यांचा संसारच वेगळा झाला, त्यामुळं शब्दाची गरज राहिली नाही. पोरांच्या अभ्यासाला उजेड मिळाला, गिरणी चालली. शेताच्या वाट्याला पाळी आली. एक आठवडा दिवसा आठ तास, पुढचा आठवडा रात्री दहा. रात्रीचं दारं धरणं ज्यानं केलंय त्याला सांगायला नको. अकोले-संगमनेरच्या पट्ट्यात उसात बिबट्या, पायाखाली साप, कडाक्याची थंडी. २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजनेत दिवसाची वीज येऊ लागलीय. जिथं आली तिथं माणसं रात्री झोपतात, ही मोठीच गोष्ट.

आता स्मार्ट मीटर. केंद्राची योजना २०२१ ची. फीडरला मीटर, डीपीला मीटर, घराला प्रीपेड मीटर, आणि यातून शेतीपंप वगळलेले. म्हणजे जिथं मोजमापाचा खरा घोळ, तिथं नाही, आणि जिथं मीटर आधीच होतं, तिथं नवं. लोकांचा विरोध वाढल्यावर २०२४ च्या जूनमध्ये सरकारनं सांगितलं की सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड लावणार नाही. पुढं टीओडी मीटर या नावानं, वापरानंतर बिल देणारी मीटरं बसू लागली. २०२५ च्या जुलैपासून दिवसा, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या घरच्या वापराला सवलत आहे. विचार चांगला आहे, कारण उन्हाची वीज दिवसाच असते. पण त्या वेळेला आमच्या घरातल्या बाया खुरपायला गेलेल्या असतात. मिक्सर, पाण्याची मोटार, पोरांचा पंखा, सगळं संध्याकाळीच.

मी यंत्राच्या विरोधात नाही. वाचणारा माणूस दाराशी न येता अंदाजे आकडा टाकतो, त्यापेक्षा मीटरनं स्वतः सांगितलेलं बरं. पण या मीटरचं बटण लांब आहे. थकबाकी झाली तर माणूस न येताच वीज तोडता येते. पूर्वी वायरमन शिडी घेऊन यायचा, त्याला दोन दिवसांची मुदत मागता यायची. ही मुदत नियमात लिहून ठेवायला पाहिजे, तीही मराठीत. आणि डीपीच्या मीटरचा आकडा दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. गळती किती, चोरी किती, शेतीची किती, याचा अंदाज मग गावही करील.

सध्या साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपाचं बिल शासन भरतंय, त्यामुळं मीटरचं नाव कोणी काढत नाही. ती योजना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांची आहे. मार्च २०२९ ला मुदत संपल्यावर शेतीनं किती वीज वापरली हे पुन्हा विचारलं जाईल, आणि तेव्हा उत्तर द्यायला आमच्या शिवारात तरी अजून एकाही मोटारीवर चालू मीटर नाही.