भूक वाढवणारा, भूक मारणारा

दरेकसा हे छत्तीसगडच्या सीमेलगतचे रेल्वे स्थानक. माघी पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेसाठी गोंड समाज इथे लोटतो. एरवी गाव भाताच्या नि मोहाच्या हंगामावर चालते. मोहफुले आंबवली की मद्य होते आणि मडके उघडे राहून हवा लागली की मद्याचे आम्ल. फारसीतून आलेला शब्द शिरका. संस्कृत वैद्यकातले त्याचे भावंड शुक्त.

गेल्या उन्हाळ्यात तिथल्या एका परिचित घरी पंचविशीतली मुलगी उपाशीपोटी सफरचंदाचा शिरका पाण्यातून घेत होती. म्हणाली, “भूक मरते, काका.” शेजारी तिची आजी रात्रीच्या भाताचे आंबलेले पाणी पीत होती. कशासाठी? तर तोंडाला चव येऊन चार घास जावेत म्हणून! एकाच ओसरीवर आंबटाकडून दोन उलट अपेक्षा. बरोबर कोण?

आजीच्या बाजूने वाग्भट आहे. ‘अष्टांगहृदया’च्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, तो शुक्ताला रुचिकर आणि दीपन, म्हणजे अग्नी वाढवणारे, म्हणतो; रक्तपित्त खवळवण्याचा दोषही तिथेच नोंदवतो. हा दोष आजच्या जाहिरातींत सापडत नाही.

मुलीची वाटही नवी नाही. फ्रेंच लेखक ब्रिया-साव्हाराँ याने १८२५च्या आपल्या ग्रंथात लुईझ नावाच्या तरुणीची हकिगत दिली आहे. बारीक होण्यासाठी ती महिनाभर रोज सकाळी पेलाभर व्हिनेगर पीत राहिली, खंगली आणि गेली. तिला मुळात दुसराच आजार असेल, अशी शंका मला येते. पण ही समजूत दोनशे वर्षांची आहे, एवढे खरे.

प्रयोगही झाले. २००५मध्ये स्वीडनमध्ये १२ निरोगी माणसांना पावासोबत व्हिनेगर दिले. रक्तातली साखर कमी चढली, पोट भरल्याची भावना वाढली. पुढे इंग्लंडमधल्या संशोधकांनी नेमके बोट ठेवले: भूक घटली खरी, पण पेय जितके बेचव तितकी मळमळ जास्त, आणि भूक घटली ती मुख्यतः त्या मळमळीमुळे. लेबननमधल्या तरुणांचे वजन शिरक्याने उतरल्याचा २०२४चा गाजलेला निबंध तर आकडेवारीवरच्या आक्षेपांनंतर २०२५मध्ये मागे घेतला गेला.

हे मी मुलीला फोनवर सांगितले. “मग माझं वजन कसं उतरलं?” तिने विचारले. मागून आजीचा आवाज आला, “दुपारचीही जेवत नाही ती आता.”