घारापुरी : लेणी आणि घरे

घारापुरीचा इतिहास म्हणून जे लेखन उपलब्ध आहे, ते बहुतांशी लेण्यांविषयीचे आहे. १६व्या शतकात गार्सिया द ऑर्ता याच्यासारख्या पोर्तुगीज लेखकांनी लेण्यांची वर्णने केली. किनाऱ्याजवळील दगडी हत्तीवरून बेटास ‘एलिफंटा’ हे परके नाव चिकटले. तो हत्ती १८६४मध्ये मुंबईस हलविला गेला व आज भायखळ्यास आहे. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्या मात्र अशा वर्णनांत फार तर पार्श्वभूमीपुरत्या येतात. पाहुणा लिहितो, रहिवासी दिसतो, बोलत नाही.

आयर्लंडच्या ग्रेट ब्लास्केट बेटाची स्थिती नेमकी उलट आहे. तेथील शेतकरी-कोळी तोमास ओ क्रोहन याचे आयरिश भाषेतील आत्मकथन १९२९मध्ये प्रसिद्ध झाले. १९५३मध्ये शेवटचे रहिवासी बेट सोडून गेले. तेथे घरे ओस पडली, पण घरातला आवाज ग्रंथात राहिला. घारापुरीची घरे नांदती आहेत. १९८७मध्ये लेण्यांना जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. घरांत समुद्राखालच्या केबलने वीज पोहोचली ती २०१८मध्ये. या एकतीस वर्षांच्या अंतरातच अभ्यासकांचा व शासनाचा प्राधान्यक्रम वाचता येतो.

रहिवाशांचा आवाज शोधायचा तर प्रवासवर्णने बाजूस सारून रायगड किनाऱ्यावरील आगरी मौखिक परंपरेकडे, विशेषतः लग्नविधी गाण्यांतून चालविणाऱ्या धवलारणींच्या धवळ्यांकडे वळावे लागेल. ही परंपरा वयस्क स्त्रियांच्या स्मरणावर टिकून आहे.